तान्हं बाळ घेऊन तंबूत: आधी खालचं बघा

पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या तळ्याकाठी बाळासकट तंबूत एक रात्र काढायची ठरली की घरातले सगळे वरून काय पांघरायचं याच्या मागे लागतात. दुपटी, गोधड्या, कुंच्या, आजीची शाल, पिशवी गच्च. खाली काय घालायचं हे कुणी विचारतच नाही. म्हणून यादीची पहिली ओळ कॅरीमॅट. बाळासाठी दोन, एकावर एक, आणि मोठ्यांना एकेक वेगळी. सतरंजी नको, चटई नको, हवा भरायची गादी तर नकोच. ट्रेकवाले नेतात ती फोमची गुंडाळी, साधारण सहा फूट बाय दोन फूट, ८ ते १० मिलिमीटर जाडीची. घेताना अंगठ्याने दाबून बघा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. ठसा तसाच राहिला तर तो फोम अंगाखाली चेपून बसेल आणि काही कामाचा राहणार नाही.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे गाडीत जागा नाही म्हणून ऐनवेळी हीच गुंडाळी घरी राहणार नाही. पहाटेपर्यंत जमीन गार झालेली असते आणि ती पाठीतून ऊब ओढत राहते. वरून तीन गोधड्या घातल्या तरी हे थांबत नाही. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, त्यातून ऊब तयार होते, शिवाय तो कूस बदलतो, उठून बसतो. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे ऊब भराभर जाते. आणि गार पडलेलं बाळ रडून सांगत नाही, उलट शांत होतं. आईबाबांना वाटतं छान झोपलंय. गोधडी किंवा स्लीपिंग बॅग खाली घालून भागत नाही, कारण अंगाच्या भाराने तिच्यातली हवा निघून जाते. शिवाय मऊ अंथरुणात बाळाचं नाक रुतायची भीती. हवेच्या गादीत दोन्ही दोष आहेत: आतली हवा गार पडते आणि गादी मधे दबते. कॅरीमॅट ऊबही धरते आणि टणकही असते. म्हणून तीच.

आता वय. पहिले २८ दिवस बाळ नवजात, तेव्हा तंबूचं नावही काढू नका. सव्वा महिना झाला की लगेच निघायची घाई असते, थोडं थांबा. सहाव्या आठवड्याची लस होऊ द्या आणि त्यानंतर निदान चार दिवस जाऊ द्या. लशीने ताप येऊ शकतो, आणि रानात तो लशीचा की कशाचा हे तुम्हाला ठरवता येणार नाही. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल किंवा वजन नीट वाढत नसेल, तर बेत पुढे ढकला. बालरोगतज्ज्ञांना विचारताना ‘फिरायला जाऊ का?’ असं मोघम विचारू नका. ‘रात्री तंबूत, १५ अंशांत झोपवू का?’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

दिवस फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा, नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावरची पहाट बाळाला झेपणारी नाही. एप्रिल-मेमध्ये तंबू तापतो. पावसाळा नाही. काजव्यांसाठी मेअखेर-जूनमध्ये भंडारदऱ्याला जायचा मोह होतो, पण तेव्हा गर्दी असते आणि वळवाचा भरवसा नाही. काजवे पुढच्या वर्षीही येतील. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जाणार असेल तर बुकिंग सोडून द्या. पैसे गेले तर गेले. शनिवार-रविवार टाळा, तळ्याकाठी रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतात.

जागा तळ्याच्या अगदी काठाला नको. गार हवा खोलगट जागी साचते, दव आणि धुकंही तिथेच जास्त. काठापासून थोडं चढावर, सपाट, सकाळी नऊनंतर सावली येईल अशी जागा बघा. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि बाळ धुरापासून लांब. जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा आणि रात्री कोण असतं हेही विचारा. पवनेहून तळेगाव किंवा लोणावळा गाठता येतं. भंडारदऱ्याहून राजूर, अकोले जवळ, पण अवघड दुखणं असेल तर नाशिक-संगमनेरच्या रस्त्याचा वेळ धरून ठेवा. १०८ लक्षात असू द्या, पण घाटात रेंज जाते. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, टाकी अर्धी तरी भरलेली ठेवा.

तंबू चौघांचा घ्या, माणसं तुम्ही दोघंच असलात तरी. बाळाला स्वतःची जागा हवी. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत बाळ घ्यायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. अंथरुणाचा क्रम असा: जमिनीवर ताडपत्री, तिच्या कडा तंबूखाली दुमडलेल्या, नाहीतर कडेवरचं दव आत येतं. वर तंबू. आत बाळाच्या जागी कॅरीमॅट, तिच्यावर दुसरी कॅरीमॅट, वर एकच सुती चादर, चारी बाजूंनी खाली खोचून ताठ ओढलेली. संपलं. उशी नाही, मोहरीची उशीही नाही, लोड नाहीत, खेळणी नाहीत. पाठीवर झोपवायचं. टोपलीवजा कॅरीकॉट असेल तर उत्तम, पण तिचा तळ पातळ असतो, म्हणून तिच्याखालीही त्याच दोन कॅरीमॅट. ‘कॅरीकॉट आहे, मग मॅट कशाला’ हे ऐकून घेऊ नका. गाडीतल्या सीटमध्ये रात्रभर झोपवू नका, मान पुढे पडून श्वास अडतो.

अंथरूण घातलं की परीक्षा घ्या. बाही वर करून उघडा हात कोपरापासून तळव्यापर्यंत त्या चादरीवर पाच मिनिटं ठेवा. सुरुवातीला गार लागेल, मग जागा उबदार व्हायला हवी. पाच मिनिटांनंतरही हाताला गारवा चढतच असेल तर खालचं कमी आहे. तिसरी मॅट घाला, मोठ्यांपैकी एकाची काढून घाला. हीच परीक्षा पहाटे तीन-चारला पुन्हा. गजर लावा. रात्रीची खरी थंडी तेव्हाच असते आणि नेमकी तेव्हाच झोप लागलेली असते.

कपडे: सुती झबलं, वर पूर्ण बाह्यांचा पायासकट सूट, वर स्लीप सॅक, म्हणजे डोकं बाहेर ठेवून बाळाच्या अंगात घालायची पिशवी. मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, एवढंच. सुटं पांघरूण नाही. दुपट्यात गुंडाळत असाल तर मांड्या मोकळ्या राहू द्या, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं असेल तर गुंडाळणं बंद. संध्याकाळी बाहेर कुंची चालेल, पण झोपताना बांधायच्या नाड्या असलेलं काही नको. कान झाकणारं घट्ट बसणारं पातळ टोपडं घाला, डोळ्यांवर सरकत नाही ना ते बघा. गळ्यातला ताईत, काळा दोरा, मण्यांच्या मनगट्या झोपवण्याआधी काढा. घरी दिवा असतो, कुणीतरी जागं असतं. तंबूत गळ्याला पीळ बसला तर अंधारात कळत नाही. बाळ गार आहे की गरम हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. छाती आणि मानेमागे हात लावा. घाम असेल तर एक थर काढा, जास्त उकडणंही तितकंच वाईट.

हे कुणी कितीही आग्रह केला तरी नाही: तंबूत शेगडी, निखारे, गॅसचा हीटर, ओवा-शेपाची धुरी, मच्छर अगरबत्ती. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस जागं होत नाही. तंबूच्या वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा, थंडी आहे म्हणून शिवून टाकल्यासारखं बंद करू नका; कोंडलेल्या श्वासाचं पाणी रात्रभर आतून ठिबकतं आणि अंथरूण ओलं होतं. अंथरूण उबदार करायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी आधी वीस मिनिटं ठेवा आणि बाळाला ठेवण्यापूर्वी काढून घ्या.

दूध अंगावरचं असेल तर अर्धी चिंता मिटली. आईसाठी पाठीला टेकू असलेली बुटकी घडीची खुर्ची न्या. सिझर झालेल्या बाईने तंबूत जमिनीवरून उठणं-बसणं म्हणजे टाक्यांवर ताण, आणि रात्रीत ते चार-पाचदा होतं. पुढून उघडणारं स्वेटर, थर्मासमध्ये गरम पाणी, खाऊ हाताशी. डब्याचं दूध असेल तर जितक्या वेळा पाजणार त्यापेक्षा दोन बाटल्या जास्त, घरून उकळून. पाणी उकळलं की अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर मिसळा, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. पाजायला सुरुवात केल्यावर तासाभरात उरलेलं टाकून द्या. मध, गुटी, वरचं पाणी काहीही नाही.

डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, जाळी अंगाला टेकणार नाही अशी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या कातडीवर डासांचं कुठलंही मलम नाही. कापराची पोटली नाही, कापूर बाळाला विषारी आहे. उन्हाचं क्रीम सहा महिन्यांपर्यंत नाही, फक्त सावली.

थर्मामीटर डिजिटल, सेल तपासून. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेलं की सामान तिथेच सोडून दवाखान्याला निघा, तीन महिन्यांच्या आत थांबून बघणं नाही. स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल नाही. ९७.७ च्या खाली आलं, किंवा छाती-पोट गार, बाळ सुस्त, दूध ओढत नाही, तर कपडे काढून फक्त लंगोट आणि टोपडं ठेवा, आई किंवा बाबांच्या उघड्या छातीवर घ्या, वरून शाल. ज्याने घेतलं त्याने कॅरीमॅटवर बसायचं, ओल्या गवतावर नाही. अर्ध्या तासात ऊब आली नाही किंवा बाळ सुस्तच राहिलं तर निघा.

डायपर मोजून दुप्पट. ओल्या पुसण्या स्वेटरच्या आत, गार लावू नका. कचरा झिपच्या पिशवीत, परत आणायचा. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, बाटली खिशात ठेवा. मंद उजेडाची डोक्याला बांधायची बॅटरी, जास्तीचे सेल. बाकी कपडेलत्ते तुम्हाला माहीत आहेत.

सकाळी ऊन आलं की बाळ तंबूबाहेर, सावलीत. नऊनंतर आत ठेवू नका. आवरताना मॅट उलट्या करून बघा, खाली ओल असते, पुसून वाळवून गुंडाळा. परतीला गाडीतल्या सीटमध्ये, तोंड मागच्या बाजूला, दर दोन तासांनी बाहेर काढा. घरी आल्यावर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, लंगोट किती ओले होतात बघा, कमी झाले तर डॉक्टर.