जुनी स्प्लेंडर घरीच रिपेर केली आणि रंगवली: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बाबांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर तीन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली पडून होती, टाकीवर गंजाचे फोड, साइड कव्हर पांढरट पडलेलं, चेन लाल झालेली. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला ठेवून जा, बघू कधी होतंय ते. मग म्हटलं आपणच करू. मी काय मेकॅनिक नाही, पेंटर तर अजिबात नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण ज्याला येतं तो या बारीक गोष्टी सांगतच नाही.

सगळ्यात आधी, कुठली गाडी घेताय ते बघा. १९९४ पासून चालत आलेली ही ९७.२ सीसीची कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर शिकायला एक नंबर, सगळे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात आणि चार पान्यांत निम्मी गाडी उघडते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) स्प्लेंडरला फ्युएल इंजेक्शन आहे, तिथं टाकीतून निघणाऱ्या लाइनला प्रेशर असतं, पंप असतो, ती टाकी पहिल्याच प्रयत्नात उघडायच्या भानगडीत पडू नका.

आणि रंग? आहे तोच ठेवा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, काळी लाल केली तर आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते. मॅट काळ्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण मॅटवर पेट्रोल सांडलं की डाग पडतो आणि त्याला पॉलिश मारता येत नाही, पॉलिश मारलं की ते चकाकतं. पहिल्यांदा साधा ग्लॉसी मारा.

रिपेरी आधी, रंग नंतर. उलट केलं की ऑइलचे हात नव्या रंगाला लागतात, पाना सटकून ओरखडा पडतो आणि मग डोक्याला हात.

रिपेरी

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेत. बॅटरीची वायर काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. काहीही उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, वायर कुठून कशी गेलीय ते दोन दिवसांनी शप्पत आठवत नाही. नटबोल्ट जिथले तिथल्या वाटीत, मी आइस्क्रीमचे रिकामे डबे वापरले. गंजलेला बोल्ट असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी आधी थोडा घट्ट करून मग सोडवा, नुसता जोर लावला तर डोकं गोल होतं आणि मग दिवस जातो.

इंजिन ऑइल बदलणं सोप्पं. गाडी पाच मिनिटं चालू करून गरम करा, खाली घमेलं ठेवा, ड्रेन बोल्ट काढा. नवीन ऑइल साधारण ९०० मिली लागतं पण बाटलीवर विसंबू नका, डिपस्टिकवर बघा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घाला. जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजवाल्याकडे द्या. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

चेन मात्र नीट बघा. गाडी न्यूट्रलला टाकून मधोमध बोटानं वरखाली करा, २० ते ३० मिमी हलली तर ठीक. जास्त ढिली असेल तर मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, बाजूच्या खुणा मोजा, एक बाजू जास्त झाली की चाक तिरकं बसतं. स्प्रॉकेटचे दात शार्क माशासारखे टोकदार झाले असतील तर अख्खा चेन सेट टाका, नुसती चेन बदलून उपयोग नाही.

ब्रेक. ड्रमच्या बाहेर एक बाण असतो, पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला म्हणजे लायनर संपले. बदलताना ड्रममधली धूळ फुंकू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि मी स्वतः बदलले तरी नंतर ओळखीच्या मेकॅनिकला एकदा दाखवून आणले, तेवढा कमीपणा घ्या.

टाकी काढणं

हे घरात नाही, उघड्यावर. पेट्रोलचा कॉक बंद करा, पाइप काढा, पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये काढून घराबाहेर ठेवा. मग सीट काढली की टाकीचा मागचा बोल्ट दिसतो, तो काढून टाकी मागं ओढून उचलायची, पुढं ती रबरावर बसलेली असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त डेंजर, कारण आत वाफ असते. झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळवा, जवळपास विडी, गॅस, ग्राइंडर काही नको. टाकीला भोक असेल तर त्यावर लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) थापू नका, पेट्रोल आतून ती सोडवतं. ते काम टाकीचं वेल्डिंग जाणणाऱ्याचंच, घरी कधीही नाही.

घासणं, घासणं आणि परत घासणं

आधी भांड्याच्या साबणानं धुवा. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश असलं काही महिनाभरात मारलं असेल तर दोनतीनदा धुवा, त्यात सिलिकॉन असतं आणि त्यावर नवा रंग बसतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात.

मग एक टेस्ट करा जी मला कुणी सांगितली नव्हती. फडक्यावर थिनर घेऊन टाकीच्या खालच्या बाजूला घासा. रंग फडक्याला आला तर गाडी आधी कुणीतरी रंगवलेली आहे. आमच्या टाकीवर कुणीतरी ब्रशनं ऑइल पेंट मारून ठेवला होता. त्यावर स्प्रे मारला की खालचा रंग फुगतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. अशा वेळी सगळा खरवडून पत्रा उघडा करण्याशिवाय गत्यंतर नाही. फडकं स्वच्छ राहिलं तर कंपनीचा रंग आहे, तो पूर्ण काढायची गरज नाही, नुसता चमक जाईपर्यंत घासला की पुरे.

गंजाचे फोड ८० नंबरच्या सँडपेपरनं घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. मग पोचे भरायची लांबी: लिंबाएवढ्या लांबीला भिजलेल्या हरभऱ्याएवढा हार्डनर, एकसारखा रंग येईपर्यंत मळा आणि पटकन लावा, पाचसात मिनिटांत दगड होते. उन्हाळ्यात त्याहून लवकर. एका वेळी पातळ थर, तीनेक मिलिमीटरच्या वर भरू नका. लांबी कोरडीच घासायची, पाणी लावलं तर ती पाणी पिते आणि वर्षभरानं त्याच जागी परत फोड. लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा, बोटांनी घासलं की बोटांच्या नाल्या पडतात आणि काळ्या रंगात त्या आरशासारख्या दिसतात.

साइड कव्हर फायबरचं आहे का पत्र्याचं ते चुंबक लावून बघा. फायबर असेल तर प्लास्टिक प्रायमरचा हात आधी लागतोच, नाहीतर रंग नखानं निघतो.

प्रायमरचे दोन हात मारा. तो वाळला की कुठलाही उरलेला काळा स्प्रे लांबून नुसता शिंपडल्यासारखा उडवा आणि ६०० च्या पेपरनं पाणी लावून घासा. जिथं काळं राहिलं तिथं खड्डा आहे. ही युक्ती म्हणजे सोनं. डोळ्याला न दिसणारे तीन पोचे मला यातच सापडले.

स्प्रे

टाकी आणि दोन कव्हरला ४०० मिलीचा प्रायमर एक, रंगाचे दोन, क्लिअरचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) दोन कॅन पुरतात. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रंग पांढरट धुरकट होतो, आणि कोकणात राहत असाल तर थंडीचीच वाट बघा. वेळ सकाळी दहानंतरची, दव गेलेलं पण ऊन भाजत नाही अशी. मी उत्साहात संध्याकाळी मारला आणि सगळी चिलटं येऊन टाकीवर चिकटली, आख्खा हात परत घासला. जमिनीवर सडा टाका, धूळ उडत नाही. तोंडावर साधं कापड नाही, वाफेचा फिल्टर असलेला मास्क. हार्डनरवालं दोन भागांचं क्लिअर पेट्रोलला टिकतं हे खरं, पण त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, ते काम पेंट बूथवाल्याकडून करून घ्या.

कॅन दोन मिनिटं हलवा, आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. २० ते २५ सेंटीमीटर अंतर, हात सरळ रेषेत, बटण टाकीच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. इथंच सगळे फसतात, वाटतं अजून थोडा मारू, आणि ओघळ येतो. ओघळ आला तर बोट लावू नका! वाळू द्या, दुसऱ्या दिवशी १००० च्या पेपरनं पाण्यात घासा. दोन हातांच्या मध्ये दहा मिनिटं थांबा, असे तीनचार हात. सिल्व्हर किंवा मेटॅलिक असेल तर रंगाला घासू नका, चट्टे दिसतात. मग क्लिअरचे तीन हात. जिथं रंग लागू नये म्हणून मास्किंग टेप लावली असेल ती रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरकी ओढून काढा.

परत लावताना

दोन दिवस हात लावू नका, नखाची खूण उठते. टाकी बसवताना पुढची रबरं नवीन घ्या, पाइप आणि क्लिप पण. अर्धा लिटर पेट्रोल घाला, कॉक चालू करा, खाली वर्तमानपत्र पसरून पंधरा मिनिटं थांबा. कागद कोरडा असेल तरच किक. साध्या कॅनचं क्लिअर पेट्रोलनं मऊ पडतं, म्हणून पंपावर झाकणाभोवती फडकं धरा आणि सांडलं तर घासू नका, टिपून घ्या. दोन आठवड्यांनी २००० चा पेपर पाण्यात, मग रबिंग कंपाउंड.

आणि स्टिकर क्लिअरच्या आधी लावायचे असतात. मी विसरलो. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चेन बघितली, ब्रेक दाबून बघितला आणि विचारलं, स्प्लेंडर कुठं लिहिलंय? आता स्टिकर क्लिअरच्या वरच आहेत, आणि पेट्रोलच्या बाजूचं एक टोक उचलायला लागलंय.