आजाऱ्याच्या खाटेजवळ गाताना

गंभीर आजारी माणसाला इस्पितळातून घरी आणले की कोकणात दोन गोष्टी आपोआप घडतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून गाडी पकडतात आणि वाडीतले भजनी मंडळ एक दिवस भजनाला येण्याची तयारी दाखवते. दोन्हींमागे माया असते. पण आजाऱ्याला त्यांचा शीण न होता आधार वाटावा, यासाठी थोडी आखणी करावी लागते. माझ्या आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही ती चुकत चुकतच शिकलो.

रात्रीच्या कोकणकन्येने निघालेली माणसे सकाळी एकदमच दारात येतात. त्यांना आधी पडवीत बसवून चहा द्यावा, हातपाय धुऊ द्यावेत आणि मग दोघादोघांनाच आत पाठवावे. सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्याने खोलीत जाऊ नये. आत गेल्यावर खाटेजवळ बसून, हातावर हात ठेवून, आपले नाते स्वतःच सांगावे: ‘गे आत्ये, मी मुंबयसून इलंय.’ ‘मला ओळखलंस का?’ अशी परीक्षा घेऊ नये, कारण ओळख न पटल्याचे दुःख आजाऱ्यालाही होते. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी असतात.

माणूस डोळे मिटून निपचित असला तरी त्याच्यासमोर आजाराची किंवा वाटणीची चर्चा करू नये. कॅनडातील युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मृत्यूच्या अगदी जवळ असलेल्या आणि प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदू आवाजाला प्रतिसाद देत असल्याचे आढळले होते. त्यांना शब्दांचा अर्थ कळतो असे त्यावरून म्हणता येत नाही, पण ऐकू येत असावे असे धरूनच वागावे.

गाणे निवडताना आपली आवड बाजूला ठेवावी. आजारी माणूस तरुणपणी काय गुणगुणत असे, हे त्याच्या बरोबरीच्या माणसांना विचारावे: जात्यावरच्या ओव्या, गणपतीतल्या फुगडीची गाणी, शिमग्यातले नमन, रेडिओवर ऐकलेले एखादे सिनेमातले गाणे. अंत्ययात्रेत म्हटले जाणारे अभंग, त्याने स्वतः मागितल्याशिवाय, मी तरी म्हणणार नाही. आम्ही आईसाठी पहिल्यांदा पखवाज आणि झांजांसह भजन ठेवले, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे वळवले. नंतर मावशीने एकटीने, दळताना म्हणायची ती ओवी हलक्या आवाजात धरली, तेव्हा आईची बोटे चादरीवर हलू लागली.

म्हणून भजनातली वरची पट्टी इथे उतरवावी. बोलण्याच्या आवाजाहून फार मोठे गाऊ नये, वाद्ये बाहेरच ठेवावीत आणि लय आजाऱ्याच्या श्वासाकडे पाहून धरावी. श्वास जलद असेल तर त्याच लयीत सुरुवात करून हळूहळू गाणे संथ करत न्यावे. कपाळाला आठी पडली, हात ओढून घेतला किंवा अस्वस्थपणा वाढला, तर कडवे अर्धे राहिले तरी थांबावे. दोन-तीन गाणी झाली की काही वेळ नुसते बसून राहावे. सूर चुकला तरी चालतो, ओळखीचा आवाज महत्त्वाचा असतो.

दोन गोष्टींबाबत मात्र सवलत नाही. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत समई, धूप, अगरबत्ती लावू नये, कारण त्याने आग भडकते. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पेज, शहाळ्याचे पाणी किंवा तीर्थ चमच्याने ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ओल्या कापसाने ओठ भिजवावेत. बाकी काय भरवायचे ते डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवावे, कारण वाडीत ऐन वेळी फोनला रेंज मिळतेच असे नाही. जे येतात त्यांनी एक काम आवर्जून करावे: आपण खाटेजवळ बसलेले असताना, रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला दुसऱ्या खोलीत दोन तास झोपायला पाठवावे.