गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला कसं भरवायचं (आणि पेज का नको)

आमच्या आप्पांना पार्किन्सन हाय. खानापूर भागात माणूस आजारी पडला की आधी पेज शिजते, आम्हीपण तेच केलं आणि नेमका पेजेनंच त्यांना ठसका लागायचा, मऊ भाकरी जायची पण पेज जाईना, कुणाला कळंना असं का ते. शेवटी बेळगावात स्पीच थेरपिस्टकडं नेलं (गिळण्याचा त्रास तेच बघतात, आम्हाला माहीतच नव्हतं) तेव्हा उलगडा झाला. पातळ पदार्थ घशात झरकन उतरतो आणि पार्किन्सन, मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होतात तो आजार), अल्झायमर असल्या आजारात श्वासनळी वेळेवर बंद होत नाही, मग पाणी फुफ्फुसाकडं जातं. पेजेत तर पाणी वेगळं आणि शितं वेगळी, दोन्ही एकदम सांभाळायला लागतात. चहात बुडवलेली खारी, दुधातले पोहे, पाणीदार आमटी-भात यांचंबी तसंच. चुरमुरे तर बंदच करा, तोंडात भुगा पसरतो.

मग द्यायचं काय? एकसारखं, गुठळी नसलेलं, चमच्यावर धरून राहील असं. तीच पेज दाट शिजवून मिक्सरला फिरवा, नाचण्याची आंबील दाट करा, मऊ भात वरणात घोटून द्या. पाणी, चहा दाट करायला मेडिकलमध्ये पावडर मिळते, पण किती दाट ते थेरपिस्टना विचारूनच ठरवा, उगाच जास्त दाट केलं तर माणूस पाणी प्यायचंच सोडतो. आणि तोंडातला चमचा परत वाटीत बुडवत बसू नका, लाळेनं पिठाचा दाटपणा मोडतो आणि वाटीतलं सगळं पातळ होतं. आमचं हेच चुकत होतं.

बसवायचं ताठ, पाय टेकलेले. आपण उभं राहून भरवलं की ते मान वर करतात, म्हणून समोर त्यांच्याच उंचीवर बसा. तांब्यानं वरून पाणी पिण्याची सवय आप्पांची सोडवायला आम्हाला लई दिवस लागले, पण सोडवा, मान मागं गेली की श्वासनळीचा रस्ता उघडा पडतो. हनुवटी किंचित छातीकडं घेऊन गिळलं की काहींना बरं पडतं, सगळ्यांना नाही, ते तपासूनच ठरवतात. अर्धा चमचा घास, गिळला का बघा, मगच दुसरा. टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

पार्किन्सनवाल्यांनी गोळीचा असर चढल्यावर जेवावं, हात तेव्हा बरे चालतात, काहींचा घसाबी. गोळी केळ्याच्या गरात द्या, पण फोडून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात.

एक लक्षात ठेवा, ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. काहींच्या फुफ्फुसात गुपचूप जातं, खोकलासुद्धा येत नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघर येतो का, वारंवार ताप येतो का, वजन उतरतंय का, जेवण अर्ध्या तासाच्या वर लांबतंय का, हे बघत राहा आणि डॉक्टरांना सांगा. एक्सरेचा व्हिडिओ काढून किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून कुठं चुकतंय ते दिसतं. दात, जीभ, कवळी दोन्ही वेळ घासा, तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अल्झायमरवाल्यांच्या गालात घास साठून राहतो, जेवण झाल्यावर तोंड उघडून बघा.

घास अडकून श्वासच बंद झाला, आवाज निघंना, तर पाणी पाजू नका, बोटं घालू नका. पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच वेळा जोरात मारा, नाही निघालं तर पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबा, आणि कुणालातरी 108 ला फोन लावायला सांगा.

मोटर न्यूरॉन असेल तर पोटातल्या नळीचं (जिच्यातनं थेट पोटात जेवण देतात) बोलणं डॉक्टरांकडं लवकर काढा, श्वास कमजोर झाल्यावर ती बसवणं अवघड जातं. अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यात मात्र नळीनं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, तिथं हातानं, सावकाश, जितकं घेतील तितकंच भरवा.