शाळेत पोराला दम्याचा अटॅक आला तर काय करायचं

कारखान्यांचा सीझन सुरू झाला की आपल्या सांगलीकडं दम्याच्या पोरांचे हाल सुरू होतात, शेतात पाचट पेटवलेलं असतं, गुऱ्हाळाचा धूर, पहाटेची थंडी, त्यात सर्दी झाली की संपलंच. ज्यांचा दमा रोजचा पंप (इनहेलर) नीट घेऊनसुद्धा आटोक्यात राहत नाही, त्यांची तयारी शाळेत आधीच पाहिजे.

डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्या, रोजचं औषध कुठलं, धाप लागल्यावर कुठलं आणि किती पफ. त्याची झेरॉक्स वर्गशिक्षकांना, पीटीच्या सरांना द्या आणि रिक्षावाल्या काकांनापण, त्यांना सगळेच विसरतात.

साल्ब्युटामॉलचा पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लास्टिकची नळी, दप्तरातच पाहिजे. ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला पंप ऐनवेळी काय कामाचा? आणि पंपाच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचा, रोजचा नुसता स्टेरॉइडचा पंप अटॅकमध्ये लगेच काम करत नाही.

धाप लागली की पोराला ताठ बसवा, आडवं करू नका, भोवतीची गर्दी हटवा. पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच पफ मारा आणि पोराला तोंडानं सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्या. झडपवाला स्पेसर असेल तर ती प्रत्येक श्वासाला हलताना दिसते, हलली म्हणजे औषध आत जातंय. अर्ध्या मिनिटानं परत हलवून पुढचा पफ, दोन-तीन एकदम मारायचे नाहीत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर असे 10 पफपर्यंत देता येतात, तेवढ्यानंही फरक नाही तर 108 ला फोन.

पण काही वेळा 10 पफची वाट बघायचीच नाही. शर्ट वर करून छाती बघा, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात असेल, गळ्याच्या खळीत खड्डा पडत असेल, एक वाक्य पुरं बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच 108. आणि श्वासाचा शिट्टीसारखा आवाज थांबला पण पोरगं मलूल पडलं तर ते बरं वाटणं नाही हो, हवाच आत-बाहेर होत नाहीये! गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा.

घरात आज्जी म्हणतात पंपाची सवय लागते, तसं काही नाही, उलट रोजचा पंप मनानं बंद केला की अटॅक येतात. तो घेतल्यावर चूळ मात्र भरायला लावा. साल्ब्युटामॉल आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवाच.

स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळवा, फडक्यानं आतून पुसू नका, घासलं की औषध प्लास्टिकलाच चिकटतं.