सिमवाला राउटर बाहेरून लागत नाही? विक्रेत्याकडून मदत मिळवायची ती अशी

काटोलच्या संत्र्याच्या बागेतला पंप, बुटीबोरीच्या शेडमधले कॅमेरे, कामठी रोडवरच्या गोदामातलं तापमान नोंदवणारं यंत्र. जिथे वायरचं नेट पोहोचत नाही तिथे सिम टाकून चालणारा राउटर बसवतात आणि नेट पाच मिनिटांत सुरूही होतं. अडतं ते पुढे. नागपुरात धरमपेठेतल्या ऑफिसात बसून तोच कॅमेरा उघडायला गेलं की पान नुसतं फिरत राहतं. मग दुकानदाराला फोन जातो, "भाऊ, नेट तर चालू आहे, पण बाहेरून लागूनच नाही राहिलं." तो म्हणतो, सिमवाल्यांना विचारा. सिमवाले म्हणतात, राउटरवाल्यांना विचारा.

ही टोलवाटोलवी थांबवायची असेल तर दोष सिम कंपनीकडे आहे, राउटरमध्ये आहे की राउटरमागच्या उपकरणात, हे आधी स्वतः तपासावं आणि मगच तक्रार करावी. बऱ्याच राउटर कंपन्या ग्राहकाशी थेट बोलत नाहीत, विक्रेत्याकडे पाठवतात. नागपुरातला विक्रेता बऱ्याचदा माल पुण्या-मुंबईच्या वितरकाकडून आणतो आणि तुमची तक्रार तोही पुढेच पाठवणार असतो. म्हणून ती अशी लिहायची की त्याला नुसती पुढे ढकलता यावी.

आधी जागेवर जाऊन पाहा

राउटरच्या वायफायला किंवा केबलने लॅपटॉप जोडा आणि कॅमेऱ्याचा किंवा पंप कंट्रोलरचा आतला पत्ता, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा, ब्राउझरमध्ये टाका. इथेच उघडलं नाही तर राउटरवाल्याला फोन करू नका, उपकरण किंवा केबल बघा. उपकरणाच्या सेटिंगमध्ये गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, म्हणून राउटरचा पत्ता टाकलेला आहे का, हेही पाहून घ्या. तो चुकीचा असेल तर आतून सगळं उघडतं आणि बाहेरून काहीच उघडत नाही.

बाहेरची चाचणी त्याच वायफायवर बसून करायची नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा. आतूनच बाहेरचा पत्ता टाकला तर कित्येक राउटर तो उघडून देत नाहीत आणि सगळं ठीक असूनही बिघाड वाटतो.

आता आयपी पत्ता. खरी गोम इथेच असते

राउटरच्या स्टेटस पानावर मोबाइल किंवा वॅन या मथळ्याखाली एक आयपी पत्ता, म्हणजे राउटरचा नेटवरचा क्रमांक, दिसतो. तो लिहून घ्या. मग त्याच राउटरच्या नेटवरून आपला आयपी पत्ता दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा आणि तिथला पत्ता त्याच्या शेजारी लिहा.

दोन्ही सारखे निघाले तर सिमला सार्वजनिक पत्ता मिळाला आहे. मग शोध राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेली विनंती आतल्या ठरलेल्या उपकरणाकडे वळवणारी सेटिंग) आणि फायरवॉलमध्ये (नको ती जोडणी अडवणारा पहारा) घ्यायचा. वेगळे निघाले, आणि राउटरवरचा पत्ता १० ने, १७२.१६ ते १७२.३१ मधल्या कशाने, किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या कशाने सुरू होत असेल, तर सिम कंपनीने तुम्हाला शेकडो ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा तसं हे आहे: आतला माणूस केव्हाही बाहेर पडतो, पण बाहेरून आलेल्याला कुणाच्या खोलीत सोडायचं हे दारावरच्याला कळत नाही. १००.६४ पासूनचा तो गट तर खास याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. आपल्याकडे साध्या मोबाइल सिमवर बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये रात्र घालवली तरी काही हाती लागत नाही, कारण विनंती राउटरपर्यंत पोहोचतच नाही. डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सोय, तीही इथे कामाची नाही.

विक्रेत्याला काय पाठवायचं

फोनवर सांगितलेलं हवेत विरतं. बोलणं झालं तरी लिहून पाठवाच. मॉडेल, सिरियल नंबर आणि आयएमईआय राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतात, त्याचा फोटो काढा. फर्मवेअरची, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती स्टेटस पानावर मिळते. सिम कुठल्या कंपनीची, साधी की कॉर्पोरेट, एपीएन (सिम कंपनीच्या नेटला जोडण्यासाठी राउटरमध्ये टाकायचं नाव) काय टाकला आहे, हेही लिहा. सिग्नलसाठी नुसत्या दांड्या मोजू नका, आरएसआरपीचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा द्या. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगला, उणे ११० च्या खाली गेला की जोडणी तुटत राहणार. चांगल्या राउटरमध्ये सपोर्टसाठी लॉगची, म्हणजे राउटरने ठेवलेल्या नोंदींची, फाइल उतरवून घ्यायची सोय असते. ती राउटर रीस्टार्ट करण्याच्या आधी घ्या, कारण रीस्टार्टनंतर बऱ्याच राउटरमधला जुना लॉग पुसला जातो. रीसेटचं बटण दाबण्याचा मोह तर आवराच. त्यात पुरावाही जातो आणि सेटिंगही.

मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार. काटोलच्या साइटवरच्या राउटरला बाहेरून जोडता येत नाही. मॉडेल, सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो सोबत आहे. आतल्या नेटवर्कवरून कंट्रोलरचं पान उघडतं. काल दुपारी चारला दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावरून पाहिलं, उघडलं नाही. राउटरवर दिसणारा आयपी १०० ने सुरू होतो, वेबसाइटवर वेगळा दिसतो. आरएसआरपी उणे ९४ आहे. आम्हाला धरमपेठेच्या ऑफिसातून दोन लॅपटॉपवर कंट्रोलर पाहायचा आहे. या मॉडेलवर त्यासाठी कुठला मार्ग चालेल, आणि सेटिंग करून देण्याचे किती पैसे होतील, ते कळवा."

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम घातले आहेत. "चालत नाही, काहीतरी करा" याला उत्तर देणं कुणालाच जमत नाही; कुठून, किती जणांना, काय पाहायचं आहे हे सांगितलं की समोरचा कामाला लागतो. आणि सेटिंगचे पैसे मागितले म्हणून चिडू नये. वॉरंटी वस्तूच्या बिघाडाची असते. तुमच्या गरजेप्रमाणे व्हीपीएन (नेटवरून जाणारा खासगी बोगदा) लावून देणं ही वेगळी सेवा आहे, तिचा दर आधी ठरवलेला बरा.

उत्तर आलं की ते पारखा

सीजीनॅट असेल तर विक्रेता साधारण तीनपैकी एक मार्ग सुचवेल. पहिला, स्थिर सार्वजनिक आयपी असलेली सिम. ती सिम कंपनीच्या कॉर्पोरेट विभागाकडून मिळते, फर्मची कागदपत्रं लागतात आणि एपीएन वेगळा टाकावा लागतो. सोपं वाटतं, पण सार्वजनिक पत्ता मिळाला की जगभरातून त्यावर टकटक सुरू होते. कंट्रोलरचं पान सरळ इंटरनेटवर उघडं टाकायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. अशी यंत्रं ज्या मॉडबस भाषेत बोलतात, जी ५०२ नंबरच्या पोर्टवर चालते, तिला पासवर्ड हा प्रकारच नसतो.

दुसरा मार्ग व्हीपीएन. राउटर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी बोगदा जोडतो, तुमचा लॅपटॉपही त्याच सर्व्हरला जोडला जातो. जोडणी आतून बाहेर जात असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. माझं मत विचाराल तर छोट्या फर्मला हाच बरा. यात दोन गोष्टी विक्रेत्याकडून नक्की करून घ्या. बोगदा रिकामा असतानाही अधूनमधून संदेश जात राहिला पाहिजे, वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये त्यासाठी २५ सेकंदांचं अंतर ठेवायची पद्धत आहे. आणि ऑफिस व साइट या दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१ हीच मालिका नको. तशी असेल तर बोगदा जोडलेला, हिरवा दिसतो आणि पान तरीही उघडत नाही, कारण लॅपटॉप तो पत्ता ऑफिसातच शोधत बसतो.

तिसरा, राउटर कंपनीची स्वतःची रिमोट मॅनेजमेंट सेवा. लावायला सगळ्यात सोपी, पण पुढच्या वर्षी लायसन्सचे किती पडतील ते आजच विचारा.

मशीनसाठी मिळणारी १३ अंकी नंबराची सिम वापरत असाल तर ते विक्रेत्याला आधीच सांगा. तिच्यावर ठराविक पत्त्यांशीच बोलायची मुभा असू शकते आणि मग व्हीपीएनही जोडला जात नाही. तो प्रश्न सिम कंपनीनेच सोडवायचा.

राउटर त्याच्या हाती देताना

विक्रेत्याचा माणूस दूरवरून बघतो म्हणाला तर साइटवरच्या लॅपटॉपवर एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर चालू करून तुमच्या समोर बघू द्या. राउटरमध्ये त्याच्यासाठी वेगळं खातं बनवा, काम झालं की काढून टाका. कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, तिच्यात पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या असतात.

अजून खरेदी झाली नसेल तर

बर्डीत किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पण बँड, म्हणजे राउटर पकडू शकतो ते मोबाइल लहरींचे पट्टे, बघून घ्या. युरोपसाठी बनलेल्या काही राउटरमध्ये २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० नसतो, आणि आपल्याकडे जिओ व एअरटेल दोघेही तो वापरतात. तापमानाची मर्यादाही पाहा. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतचा असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि लोखंडी पेटीच्या आत त्याहून जास्त. अँटेना मात्र पेटीच्या बाहेरच हवा. बिलावर किंवा कोटेशनवर "बाहेरून जोडणी चालू करून देणे" ही ओळ लिहून घ्या. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण निव्वळ धंद्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर बसते. म्हणून त्या एका ओळीवर भिस्त जास्त.

तक्रार बंद करण्याआधी

"झालं, चालू आहे" असा मेसेज आला की लगेच धन्यवाद लिहू नका. साइटवरच्या माणसाला राउटरची वीज दहा मिनिटं बंद करून परत चालू करायला सांगा, आणि कुणी हात न लावता व्हीपीएन आपोआप जोडला जातो का ते ऑफिसातून पाहा. काटोलला वीज जाणारच आहे. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा उघडून बघा. मग अंतिम सेटिंगची बॅकअप फाइल मागून घ्या, आणि त्यानंतर तक्रार बंद करा.