लाचेची तक्रार करताना या चुका टाळा

तालुक्याच्या ठिकाणी लोकांना अर्ज आणि तक्रारी लिहून देताना मला वर्षानुवर्षे तेच दिसत आले आहे: कायदा तक्रारदाराच्या बाजूने असतो, तरी प्रकरण हातचे जाते, आणि त्यामागे बहुतेक वेळा तक्रारदाराचीच घाई असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लाच मागणाऱ्यालाच "तुमची तक्रार करतो" असे सुनावणे. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसनोंद करून घेण्यासाठी पैसे मागितले गेल्याचे सांगत एक शेतकरी माझ्याकडे आले होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा आणि तोवर कोणाशीही बोलू नका, असे मी त्यांना बजावले. त्यांनी फोन केला, परंतु त्याच दुपारी संताप न आवरल्याने कार्यालयात जाऊन चारचौघांत त्या कर्मचाऱ्याला धमकीही दिली. विभाग सापळा लावण्यापूर्वी, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची तयारी करण्यापूर्वी, मागणीची पडताळणी करतो. तक्रारदाराजवळ ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते, सोबत पंच म्हणजे तटस्थ साक्षीदार असतो आणि पैशाची मागणी समोरच्याच्या बोलण्यातून यावी लागते. दुसऱ्या दिवशी त्या सावध झालेल्या माणसाने पैशाचा विषयच काढला नाही, पडताळणी फसली आणि सापळा लागलाच नाही. नोटांना लावलेल्या फिनॉल्फ्थॅलीनच्या पुडीमुळे आरोपीचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात गुलाबी झाले की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण मागणी सिद्ध झाली नाही तर तो रंग न्यायालयात पुरेसा ठरत नाही. तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र मागणी सिद्ध करण्याची अट त्याच निकालात कायम राहिली. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी शांत बसवतो, कोणी, कधी, कुठे आणि नेमके कोणत्या शब्दांत पैसे मागितले ते लिहून घेतो आणि मगच फोन लावायला सांगतो.

दुसरी चूक म्हणजे आधी पैसे देऊन काम करून घेणे आणि काम बिनसले की तीन महिन्यांनी तक्रारीला येणे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणे हाही गुन्हा आहे. ज्याला पैसे देणे भाग पडले, त्याला संरक्षण मिळते, पण त्यासाठी ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावे लागते. "एवढे देऊन टाकू, कटकट मिटेल" असा सल्ला देणारे नातेवाईक त्या आठव्या दिवशी सोबत येत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पैसे साहेबांनी नव्हे तर बाहेरच्या एजंटाने मागितले, म्हणून गप्प बसू नये; मध्यस्थही या कायद्याच्या कक्षेत येतो.

पोच न घेता अर्ज देणे ही चूक साधी दिसते, पण लाच मागायला वाव तिथेच मिळतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेला ठरावीक मुदत असते, मुदत टळल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे सर्व मोजले जाते ते अर्जाच्या तारखेपासून. मी स्वतः अर्ज नेहमी दोन प्रतींत नेतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही आणि त्याच दिवशी तिचे छायाचित्र काढून ठेवतो. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असलेल्या एका बाईंनी "पोच उद्या देतो" या शब्दावर विश्वास ठेवला. पुढे पहिल्या अपिलाची ३० दिवसांची मुदत कोणत्या तारखेपासून धरावी हेच ठरवता येईना आणि त्यांना अर्ज नव्याने भरावा लागला.