अमूर्त चित्र स्नोबोर्डवर उतरवताना

कॅनव्हास रुंद असतो, स्नोबोर्ड ही बर्फावरून घसरायची लांबट पट्टी. चित्र ताणून बसवलं की ब्रशच्या फटकाऱ्याचा वेग मरतो, वर्तुळाची लंबवर्तुळं होतात. म्हणून ताणायचं नाही, चित्रातली पट्टी निवडायची. अमेरिकेतल्या लिब टेक कंपनीच्या बोर्डांवर स्नोबोर्डर-चित्रकार जेमी लिनची चित्रं येतात, त्यांत आकृती असते. ती कुठे बसवायची हे आकृतीच ठरवते. अमूर्तात ती सोय नाही, त्यामुळे निवडीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

160 सेंमी लांब, टोकांना 30 आणि कमरेशी 25 सेंमी रुंद असा बोर्ड धरा. चित्र 110 × 75 सेंमीचं असेल, तर पुठ्ठ्यात बोर्डाच्याच आकाराची खिडकी कापा: लांबी 100, टोकांशी 18.8, कमरेशी 15.6 सेंमी. बोर्डावर चित्र 1.6 पट होणार, म्हणजे 2 सेंमीचा फटकारा 3.2 सेंमी दिसेल.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला अडकवणारी पकड. दोन्ही पायांतलं अंतर साधारण 55 सेंमी असतं आणि बूट-बाइंडिंगखाली प्रत्येकी सुमारे 15 सेंमी चित्र झाकलं जातं. खिडकीच्या मध्यापासून दोन्हीकडे 17 सेंमीवर 9 सेंमी रुंदीची काळ्या कागदाची पट्टी आडवी चिकटवा आणि मग खिडकी कॅनव्हासवर सरकवा. चित्राचा जीव ज्या भागात आहे तो काळ्या पट्टीखाली गेला, तर ती जागा सोडा. उभं धरून बघा, आडवं धरूनही बघा. दुकानात बोर्ड उभा असतो, चेअरलिफ्टवर पायाला लटकलेला.

छपाईला पूर्ण आकारात 200 डीपीआय (दर इंचाला 200 ठिपके) पुरतं, म्हणजे लांबीला सुमारे 12,600 पिक्सेल. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक फोटो 6,000 च्याच आसपास देतो. पट्टीच्या लांबीवर तीन फोटो घ्या, शेजारच्या दोघांत 30 टक्के भाग सामायिक ठेवा आणि जोडा. दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून सारखा प्रकाश टाका. रंगाचा थर जाड असेल तर एका बाजूचा दिवा थोडा मंद करा. छापल्यावर पृष्ठभाग सपाट होतो, थरांच्या सावल्या फोटोत नसतील तर बोर्डवरही येणार नाहीत.

बहुतेक टॉपशीटवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या थरावर, सब्लिमेशनने छपाई होते: कागदावरची शाई उष्णतेने वायू होऊन प्लास्टिकमध्ये शिरते. या शाईत पांढरा रंग नसतो, पांढरं म्हणजे मागचा पृष्ठभाग. कागदावरून शीटच्या वरच्या बाजूला छापायचं असेल तर फाइल आरशासारखी उलटी करा, पारदर्शक शीटच्या खालच्या बाजूने छापायचं असेल तर सरळच ठेवा. कॅडमियम नारिंगी आणि फ्लोरोसंट छटा हमखास फिक्या पडतात. त्यामुळे कारखान्याकडून त्यांचा कलर प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागवा आणि चित्रातल्या सगळ्यात भडक व सगळ्यात गडद भागांची 10 सेंमीची चाचणी पट्टी त्याच शीटवर, त्याच तापमानाला काढून घ्या. ती उन्हात, मूळ चित्राशेजारी ठेवून तपासा. कडा दुहेरी दिसल्या तर दाबताना कागद हलला आहे.

चारी बाजूंनी 2 सेंमी चित्र जास्त ठेवा. प्रेसमध्ये शीट दोन-तीन मिलिमीटर सरकू शकते, म्हणून कडेला समांतर जाणारी सरळ रेघ टाळा. थोडंसं सरकलं तरी तिच्यामुळे लगेच कळतं.

बेसचं, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या खालच्या बाजूचं, गणित वेगळं. डाय-कट बेसमध्ये रंगीत पॉलिएथिलीनचे तुकडे कापून एकमेकांत बसवतात, त्यामुळे विरघळत जाणाऱ्या छटा तिथे येत नाहीत. टॉपवरचा एकच फटकारा घ्या, दोन-तीन सपाट रंगांत मांडा आणि अणकुचीदार टोकं गोल करा. बारीक टोक नीट चिकटत नाही, मेण लावताना आणि घासताना तेच आधी उचललं जातं.

चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्क मिळत नाही. चित्रकाराशी करारात बोर्डांची संख्या, हंगाम आणि चित्र कापण्याची परवानगी स्पष्ट लिहा. अमूर्त चित्र कापणं म्हणजे त्याची रचना बदलणं, म्हणून अंतिम पट्टीवर चित्रकाराची सही घेतल्याशिवाय छपाईला पाठवू नका.